नाकापेक्षा मोती जड

पेट्रोल पंप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेचे ते उंच छप्पर येते, चाकांत हवा भरणारा पोऱ्या येतो, आणि “साहेब, झिरो बघा” असे बजावणारा टोपीवाला येतो. पण तेथे विकत घेतलेले पेट्रोल ज्याच्यावाचून टाकीतच पडून राहील असा दुसरा एक पंप प्रत्येक पेट्रोल मोटारीच्या पोटात असतो, याची मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ मंडळींना गंधवार्ताही नसते. मलाही ती नव्हती. मी मराठीचा मास्तर; शब्द कोठून आला हे सांगता येईल, पेट्रोल कोठून येते हे मला कोणी विचारले नाही आणि मी कोणाला विचारले नाही. पसरणीच्या घाटात ती वेळ आली.

आमच्या घरी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी घेतली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही मोटार मुळात इटलीची फियाट. १९६४ साली ती ‘११०० डिलाइट’ होती, पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि शेवटी ‘पद्मिनी’. १०८९ सी.सी.चे इंजिन घेऊन ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषात मुंबईत इतकी वर्षे हिंडली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या थोर व्यक्तीला द्यावी तशी तिला जागा दिली. आमची मात्र खाजगी, पांढरी. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो आणि पाडव्याला अण्णा तिला स्वतः पुसतात. ते काम ते कोणाला करू देत नाहीत.

उन्हाळ्यात घाट चढताना ही गाडी एकदा तरी थांबायची. इंजिन तापले की शेजारचा पंप तापतो, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पेट्रोलसारखी खेचली जात नाही. मग अण्णा खाली उतरत, डिकीतले फडके पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळीत, आम्ही भावंडे कठड्यावर बसून लाडू खात असू, आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी पुन्हा चालू लागे. जुन्या काळी ज्यांनी बोरघाट किंवा कसाऱ्याचा घाट मोटारीने चढला आहे, त्यांना त्या ओल्या फडक्याची गोष्ट नवी नाही. त्यात कोणाला काही कमीपणाही वाटत नसे.

तो वाटला माझ्या भाच्याला. गेल्या उन्हाळ्याआधी तो म्हणाला, “आजोबा, हे फडके-बिडके काय हो! विजेवर चालणारा पंप बसवा, आठशे रुपयांत मिळतो.” मोबाइलवर त्याने तो मागविलाही. डबीवर ‘बारा व्होल्ट’ आणि ‘सर्व गाड्यांसाठी’ एवढेच छापले होते. जे सर्वांसाठी असते ते नेमके कोणासाठी असते, हा प्रश्न मला साहित्यात पडतो. मोटारीत पडला नाही. जवळच्या एका गॅरेजने अर्ध्या तासात जुना पंप काढला, तिथे पत्र्याची चकती ठोकली, नवा पंप बॉनेटखाली जागा दिसली तेथे लावला आणि त्याची वायर किल्लीच्या वायरला जोडून दिली. किल्ली फिरविली की टिक्‌-टिक्‌-टिक्‌ असा आवाज यायचा आणि गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू व्हायची. तीन आठवडे आम्ही सगळे भाच्याचे कौतुक करीत होतो.

आता पुढचे सांगण्याआधी जुन्या पंपाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. कारण त्याला निवृत्त करताना आम्ही त्याची चौकशीही केली नव्हती, आणि तो मोठा विचारी प्राणी होता असे आता वाटते.

मिस्त्री लोक त्याला ‘ए.सी. पंप’ म्हणतात. यातल्या ए.सी.चा थंड हवेशी काही संबंध नाही. ती आल्बर्ट चॅम्पियन नावाच्या गृहस्थाची अद्याक्षरे. त्याच्या अमेरिकन कंपनीने असले पंप पुष्कळ बनविले आणि नाव चिकटले. हा पंप म्हणजे मुठीएवढी एक डबी. तिच्या मधोमध रबरी कापडाचा एक पडदा ताणलेला असतो. इंजिन फिरू लागले की आतल्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी हलवितो. दांडी पडद्याला खाली ओढते, वर पोकळी होते आणि टाकीतले पेट्रोल त्या पोकळीत खेचले जाते. मग पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. आलेले पेट्रोल उलटे जाऊ नये म्हणून दोन इवल्याशा झडपा. संपली रचना.

खरी मौज पुढे आहे. कार्बोरेटरमध्ये एक तरंगती डबी असते. पेट्रोल पुरेसे साचले की ती वर येते आणि एका सुईने वाट बंद करते. वाट बंद झाली की पंपातले पेट्रोल जागच्या जागी राहते, पडदा खालीच दबून राहतो आणि दांडी रिकामी हलत राहते. म्हणजे देण्याचा जोर काय तो त्या स्प्रिंगचा, चौरस इंचाला तीन-चार पौंड. आपल्या मोटारीच्या चाकात अठ्ठावीस-तीस पौंड हवा असते, त्यावरून हा जोर किती सौम्य आहे ते ध्यानात यावे. पानात हवे असेल तेवढेच वाढावे, ताटावर हात आडवा आला की थांबावे, अशी ही वाढण्याची रीत. आणि इंजिन थांबले की पंपही थांबतो. त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

एवढ्या सरळ युक्तीला पोहोचायलाही माणसाला बरीच वर्षे लागली. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीला पंपच नव्हता. टाकी पुढच्या बैठकीखाली. तेथून पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचे. चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असले की इंजिन टाकीपेक्षा उंच जायचे आणि पुरवठा तुटायचा. मग चालक गाडी वळवून उलट्या गियरमध्ये, पाठमोरी चढवायचे! पुढे इंजिनाच्याच श्वासाने पेट्रोल ओढणाऱ्या टाक्या आल्या, त्याही लांबच्या चढणीवर दगा देत. विजेचा पंपही काही आजचा नव्हे. इंग्लंडच्या मॉरिस मायनर गाडीत एस.यू. कंपनीचा टिकटिकणारा पंप असे, आणि त्याचे आतले संपर्कबिंदू जळून चिकटले की त्याला पान्याने एक टोला द्यायचा, तो पुन्हा टिकटिकू लागायचा. हा उपचार मायनरवाल्यांना पाठ होता. म्हणजे वीज आली की विश्वास आला, असे तेव्हाही नव्हते.

तर मे महिन्यात आम्ही पुण्याहून पाचगणीला निघालो. अण्णा स्वतः चालवीत होते, शेजारी मी, मागे आई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. वाई सोडून पसरणीचा घाट लागला तेव्हा पेट्रोलचा वास येऊ लागला. पुढे ट्रक आहे, त्याचा असेल, असे मी म्हणालो. वरच्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. भाजलेली कणसे विकणाऱ्याच्या अगदी शेजारी. अण्णा जुन्या सवयीने फडके घेऊन उतरले. किल्ली तशीच फिरविलेली राहिली. जुन्या पंपाच्या काळात त्याने काही बिघडत नसे. त्यांनी बॉनेट उघडले आणि ते नुसते पाहतच राहिले. इंजिन बंद होते, पण टिकटिक चालू होती, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर ओघळत होते.

“ओ पाव्हणं, किल्ली काढा आधी!” कणीसवाला ओरडला. “आन् पोरीला उतरवा!”

मी किल्ली काढली. टिकटिक थांबली. आईने मुलीला ओढीतच रस्त्याच्या पलीकडे नेले. कणीसवाल्याने आपली निखाऱ्यांची शेगडी दोन्ही हातांनी उचलली, हात भाजत असतील तरी उचलली, आणि ती उताराच्या बाजूला बरीच दूर नेऊन ठेवली. मग येऊन म्हणाला, “वारं उलटं असतं तर?” त्याला कोणी उत्तर दिले नाही. पाऊण तास आम्ही त्या वळणावर उभे होतो. मुलीने कणीस मागितले नाही, आणि तिला मागायचे असेल याची आम्हांलाही आठवण झाली नाही.

गाडी टेम्पोवर घालून पुण्याला आणली ती फियाटमध्ये केस पिकलेल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे. भाचा बरोबर होता. पंपच भिकार निघाला, चांगल्या कंपनीचा आणू, असे तो म्हणत होता. मिस्त्रींनी नळीला दाबाचे मीटर लावले आणि किल्ली फिरविली. काटा सात पौंडांवर जाऊन थांबला. “पंप भिकार नाही, सर,” ते मला म्हणाले. “चांगला ठणठणीत आहे. सोयरीक चुकलीय.”

सात पौंडांपुढे कार्बोरेटरची ती सुई टिकणार कशी? तिला जन्मभर तीन-चारांची सवय. ताटावर हात आडवा केला तरी “घ्या हो, घ्या!” म्हणून जिलबी लोटणारा पंगतीतला वाढपी आपण पाहिलेला आहे, आमचा नवा पंप त्या जातीचा निघाला. पेट्रोल जास्त झाल्याने इंजिन गुदमरून बंद पडले, आणि पंपाला ते कळायला काही मार्गच नव्हता. त्याचा संबंध इंजिनाशी नव्हता, किल्लीशी होता.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखविली. विजेचा पंप ढकलायला तरबेज, ओढायला तितकासा नव्हे. म्हणून त्याची जागा मागे टाकीजवळ, तिच्या तळाच्या आसपास. आमचा पुढे, तापलेल्या इंजिनाला चिकटून. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळते, तसेच ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलवरचा दाब कमी होऊन ते लवकर वाफाळते. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून तो आणला, ते दुखणे त्याने नळीभर पसरविले असते. मागे टाकीपाशी बसविला असता, दाब आवरणारी लहानशी झडप मध्ये घातली असती, आणि इंजिन फिरत नसेल तर वीज तोडणारा रिले जोडला असता, तर हाच आठशे रुपयांचा पंप कदाचित काही वर्षे मुकाट्याने चालला असता. तो रिले तेलाच्या दाबावर चालवितात किंवा ठिणगीच्या ठोक्यावर. मोटारी बनविणाऱ्यांनी ही काळजी केव्हाच ओळखली होती. बॉश कंपनीच्या १९७० नंतरच्या दशकातील एल-जेट्रॉनिक व्यवस्थेत हवा मोजणाऱ्या पडद्यालाच एक बटण होते. इंजिनाने श्वास घेणे सोडले की पंपाची वीज तुटे. कित्येक गाड्यांत धक्का बसताच पंप बंद करणारे बटणही असते. सुट्या पंपाच्या डबीत हे शहाणपण घालून मिळत नाही. ते बसविणाऱ्याच्या डोक्यात असावे लागते.

जुन्या गाड्या किती लोकांकडे असणार, असे कोणी म्हणेल. पण हीच गोष्ट नव्या गाड्यांत निराळ्या रूपाने घडते. त्यांचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो सुमारे चाळीस पौंडांवर जोर देतो. भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. आता आपल्याकडे कित्येक कुटुंबांनी पेट्रोलच्या गाडीत बाहेरून सी.एन.जी.चे किट बसवून घेतले आहे. काही किटांत गाडी गॅसवर चालू असतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो. घरधनी मात्र, गाडी गॅसवर आहे, मग पेट्रोल कशाला, म्हणून टाकी कोरडी ठेवतो. बिचारा पंप उघडा पडून तापतो आणि एक दिवस जळतो. मग नवा आणतात, तोही जळतो, आणि दोष पंपाच्या कंपनीला. गॅस बसविताना पंप केव्हा थांबतो हे एकदा विचारावे, आणि टाकीत पाव भाग पेट्रोल ठेवावे, इतके साधे हे आहे. माझ्या एका सहकाऱ्याने तीन पंप घालविल्यावर ते विचारले.

वेगाच्या हौशीने टर्बो वगैरे चढविणाऱ्या तरुणांविषयी मला फारसे बोलता येणार नाही. त्यांची भाषा मला निम्मी कळते. पण त्यांच्या जगात अमेरिकेच्या वालब्रो कंपनीचा तासाला २५५ लिटर देणारा पंप फार प्रसिद्ध आहे. हिशेब करून पाहा: लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी ताशी साठच्या वेगाने तासाला पाच लिटर पिते. उरलेले अडीचशे लिटर परत टाकीत फिरत राहणार! इंजिनाची ताकद खरोखरच दुप्पट-तिप्पट केली असेल तर असा पंप हवाच. नुसत्या हौशीसाठी असेल तर नाकापेक्षा मोती जड. मोठ्या पंपाला वीजही जास्त लागते, आणि ती जुन्याच बारीक वायरीतून दिली तर पंपापर्यंत पोहोचेतो तिचा जोर गळतो. येथे धोका असा, की पंप बंद पडत नाही. गावात फिरताना सगळे ठीक असते. भरधाव वेळी मात्र पेट्रोल थोडे कमी पडते, सिलिंडरातले मिश्रण हवाळ होते, ठोके बसू लागतात, आणि पिस्टनला भोक पडते. पुष्कळदा पंप तर ठीक असतो. टाकीच्या आत बुडवून ठेवायला जी खास नळी लागते तिच्याऐवजी साधी रबरी नळी घातलेली असते, ती पेट्रोलमध्ये फुगून चिरते, आणि पंप टाकीतले पेट्रोल टाकीतच उपसत बसतो.

त्यातून नकली मालाचा सुकाळ. या वालब्रोच्या इतक्या हुबेहूब नकला निघाल्या, की खरा कोणता यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. एक गोष्ट मात्र मला या सगळ्या प्रकरणात विशेष वाटली. कंपनीचा अस्सल पंप बिघडतच नाही असे मुळीच नाही. जुलै २०२० मध्ये मारुतीने आपल्या १ लाख ३४ हजारांहून अधिक वॅगन-आर आणि बलेनो गाड्या याच पंपातील संभाव्य दोषासाठी परत बोलाविल्या. त्याच वर्षी टोयोटाने जगभर लाखो गाड्या बोलाविल्या. पंपातले प्लॅस्टिकचे चक्र पेट्रोल शोषून फुगते आणि अडकते, असे आढळले होते. एवढ्या मोठ्या घरची ही कथा. पण त्यांनी पत्रे धाडली, गाड्या बोलावून घेतल्या, पंप फुकट बदलून दिले. आमच्या आठशे रुपयांच्या पंपात उद्या असा दोष सापडला, तर पत्र कोण धाडणार? त्याला माहेरच नाही. त्याचे सगळे सोसायचे ते सासरने.

आता जुन्या पंपाची बाजू घेतो आहे म्हणून त्याचे दोष लपवीत नाही. आमचा काढलेला पंप मिस्त्रींनी उघडला तेव्हा आतला पडदा कडक होऊन कडेला चिरला होता. असा पडदा फाटला की पेट्रोल खाली इंजिनाच्या तेलात उतरते आणि तेल पातळ होते. तेही काही बरे नव्हे. २०२५ साली आपल्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. पद्मिनीच्या वेळचे रबर हे पेय पिण्यासाठी बनलेले नव्हते. भाचा म्हणाला, “म्हणजे मूळचे तेच चांगले, असेही नाही ना?” मिस्त्री म्हणाले, “नाहीच. पडदा नवा घालायचा, पण इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा. नळ्याही सगळ्या तशाच.” तसा पडदा मिळायला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात अण्णांनी मिस्त्रींना किती फोन केले ते मी मोजले नाहीत. मिस्त्रींनी मोजले असावेत.

विजेचा पंप मिस्त्रींनी फेकला नाही. भाच्याला समोर बसवून त्यांनी तो दुसऱ्या एका गाडीला टाकीजवळ लावला, दाबाची झडप आणि रिलेसकट, आणि किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून, कान लावायला सांगितले. टिकटिक आली नाही.

आमची पद्मिनी पुन्हा जुन्या पंपावर चालते आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीला जायचे ठरले आहे, आणि मुलीने त्या कणीसवाल्याकडे थांबायचे आमच्याकडून आधीच कबूल करून घेतले आहे. परवा अण्णांनी डिकी आवरली. स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन आणि ते फडके, धुऊन घडी घातलेले, जागच्या जागी आहे.